डिस्कवरची सुधा

६ फेब्रु.
पुतण्याची मुंज आटोपून नागपूरहून इकडे हिंदी मुलखात, घरी परत. कुलूप काढलं, मेन स्विच वर केला, कॉम्प्युटर लावला. काळा पडदा आणि इंग्रजीत एकच ओरड: डिस्क वाचता येत नाही. मग आठवलं. निघताना बायकोची, सुधाची, तिच्याच आवाजातली रेकॉर्डिंग्ज जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर हलवायला लावली होती. प्रत नव्हे, हलवणं; म्हणजे जुनीवरून पुसत पुसत. आणि सवयीने गॅस, नळ, मेन स्विच बंद करून निघालो. तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी!

७ फेब्रु.
सोडाल्याच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानातला भैया म्हणाला, "अंकलजी, फॉर्मेट मार देते हैं, एकदम नई हो जाएगी." डिस्क पिशवीत घालून उठलो. त्याला काय ठाऊक, आत कोण आहे.
बंगळूरहून मुक्ताचा फोन. सातवा महिना लागलाय लेकीला. बाळाच्या कानावर आजीचं मराठी पडावं म्हणते. मुक्ताचं स्वतःचं मराठी अडखळतं. "बाबा, मतलब... आईचा आवाज गेला?" म्हटलं, नाही गं, अडकलाय. हे खरं की खोटं, मलाच माहीत नाही.

८ फेब्रु.
नेटवर वाचलं: आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढा, दुरुस्ती प्रतीवरच करा. या वेळी कमांड तीनदा वाचली. दिवसभर घर सोडलं नाही. भाजीवाल्याशी मटारवर उगाच हुज्जत घातली. आज तेवढंच बोललो. सुधा जाऊन दोन वर्षं झाली, पण घर इतकं गप्प कधी वाटलं नव्हतं.

१० फेब्रु.
दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. दर ठिकाणी विचारतो, दुरुस्त करू? शंभरेक वेळा हो म्हटलं, मग कंटाळून सरसकट हो.
दोनशे अकरा फायली मिळाल्या! पण नावं गेली. 'मुक्तासाठी कटाची आमटी', 'खारीची गोष्ट', एकेकीला नाव दिलं होतं सुधाने. आता नुसते आकडे. प्रत्येक ऐकूनच ओळखायची.

११ फेब्रु.
तीस ऐकून झाल्या. "मुक्ता, ऐक हं, गूळ शेवटी घालायचा." तिच्या आवाजामागे घराजवळच्या झालान्याच्या जंगलातले मोर ओरडतायत. ढसाढसा रडलो. दोन वर्षं हेच टाळत होतो.

१३ फेब्रु.
चौसष्टावी. सुधा गोष्ट सांगतेय, तिकिटं जमवणाऱ्या माकडाची. मध्येच पुरुषाचा आवाज: "बंद कर ते. पोरगी हिंदीतच बोलणार. कोण ऐकणारे तुझं?"
मीच.
सुधा थांबते. मग नुसता पंखा, बराच वेळ. तिने ते पुसलं नाही. याही फाईलला तिने काहीतरी नाव दिलं असणार.
मुक्ताचा मेसेज आलाय: "बाबा, जे मिळालं ते सगळं पाठव. काही काढू नको प्लीज."
त्रेसष्ट पाठवल्या. पुढची, चौसष्टावी, निवडून ठेवलीय, आणि नुसता तो पंखा पुन्हा पुन्हा ऐकतोय.