बसप्पाचा वाटा

४ जाने., रविवार
रेवा पुण्याहून आली. बॅग ठेवली नाही तोच आजोबांना खुर्चीत बसवून समोर मोबाईल उभा केला. २६ ला सोसायटीत झेंडावंदनानंतर आप्पांचा सत्कार, तिथे दाखवायला तिला एकाहत्तरच्या लढाईची फिल्म करायची आहे. आप्पांनी आधी दाढी केली, मग कानटोपी घालू की नको यात अर्धा तास. सासरे शहात्तरचे झाले, नखरे अजून नवरदेवाचे.

बोलले छान. राजस्थानातली वाळू, थंडी, त्यांच्या आईने गावाकडून, मैंदर्गीहून पाठवलेलं कडक भाकऱ्यांचं गाठोडं. पण रेवाला हवी होती अर्ध्या भाकरीची गोष्ट. ती विचारल्याबरोबर, "ती तुमाला सगळ्यास्नी पाठ हाय की. मी आनि काय सांगू," म्हणून उठलेच.

६ जाने.
शेवटी रेवाने ती गोष्ट बापाकडून वदवून घेतली. सु. ड्यूटीवरून आला तसा, कंडक्टरच्या खाकीतच बसला कॅमेऱ्यापुढे. रसद दोन दिवस आली नव्हती, एकच भाकरी उरलेली, आप्पांनी आपलीही अर्धी जोडीदार बसप्पाला दिली नि स्वतः पाणी पिऊन झोपले. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच सासूबाईंनी मला ही सांगितली होती, डोळे पुसत.

आप्पा अजून कडक भाकरी मोडतात ती बरोब्बर दोन तुकडे करून. एक खातात. दुसरा जेवण होईतो ताटात तसाच, मग गच्चीवर चिमण्यांना. आम्ही त्याला बसप्पाचा वाटा म्हणतो. पाहुण्यांना कौतुकाने दाखवतोसुद्धा.

शेंगाचटणी संपत आली. करायला हवी.

११ जाने., रविवार
दुपारी टीव्हीला जोडून फिल्म बघितली. मागे बासरी. शेवटी सासूबाईंचा फोटो. सु. ने नाक पुसलं, मीही. आप्पा पूर्ण वेळ फरशीकडे बघत होते.

संपल्यावर म्हणाले, "हे दावू नगा. खोटं हाय."

रेवाला वाटलं बासरीबद्दल म्हणतायत.

मग सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते. "भाकरी अर्धी अर्धी केल्ती. माझी मी खाल्ली. बसप्पा पुढच्या मोर्चावर गेल्ता, त्याची माझ्या डब्यात. रसदीची गाडी काय येईना. मी ती बी खाल्ली. सकाळी त्यो आला, म्हनला माझी कुटाय? मी म्हनलो, उंदरानं नेली. हसला, पानी प्याला आन् आडवा झाला. दुपारी त्याच्या पायात गोळ्याचा तुकडा घुसला. उचलून नेला, त्यो पुन्ना दिसलाच न्हाय. उपाशी गेला की."

मी चहा ठेवला. दुसरं काय सुचणार.

१२ जाने.
सु. फुगलाय. पाचवीत याच गोष्टीवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं, ते आठवतंय. "मग आई खोटं बोलत होती का?" असं थेट विचारलं.

आप्पा म्हणाले, "तिला मी एवढंच सांगिटलं, अर्धी अर्धी केली. पुढचं तिनं मायेनं जोडलं. नवी नवरी, एवढ्या खुशीत गावभर सांगत सुटली. रणगाड्यापुढं छाती झाली माझी, तिच्यापुढं न्हाय झाली."

मला राग आला नाही. तीस वर्षं या माणसाला मी जरा दबूनच होते, आप्पा म्हणजे देवमाणूस, आपलं कुठे. आज पहिल्यांदा ते मला माझे वाटले. हे सु. ला सांगितलं तर म्हणतो, तुझं आपलं काहीतरीच.

१३ जाने.
गड्ड्याची यात्रा. रस्ते बंद, मी शाळेतल्या नोकरीवरून चालत घरी. रेवा मैत्रिणींबरोबर पाळण्यात बसायला.

आप्पा माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसले. लसूण सोलत म्हणाले, "मंगल, परवा रेवा काय शिकती ते मी दोनदा इचारलं म्हनं. खरं का?" खरं होतं. म्हटलं, एकदाच विचारलंत. "तू बी तुझ्या सासूवानीच," म्हणाले. मग: "हे बी इसरलो तर? इसरायच्या आत बसप्पाला एकदा सांगाया पायजे." तो असेल का, हे मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं, गाव आळंदकडचं, कन्नड मुलखातलं, वडलांची पिठाची गिरणी.

चोपन्न वर्षांत एकदाही शोधलं नाही? "लाज वाटली की."

१७ जाने.
सु. चा रुसवा कुठे गेला काय माहीत. गुपचूप आळंदच्या गाडीवरच्या कंडक्टरला काम लावलंय. पिठाची गिरणी, पायाने लंगडा, नाव बसप्पा. एवढ्यावर माणूस सापडत असेल तर सापडला. घरात मात्र आप्पांशी अजून हो-नाहीपुरतंच बोलणं. बाप तसा लेक.

२१ जाने.
सापडला. आहेत!

संध्याकाळी सु. ने स्पीकर लावून फोन केला. बसप्पांच्या सुनेने उचलला. सगळं कन्नडमध्ये, सु. मला मध्येमध्ये सांगत होता. सासरे शेतात गेलेत, कानाने कमी, बाकी ठणठणीत. मग सु. ने आप्पांचं नाव सांगितलं, मैंदर्गी सांगितलं. ती एकदम हसायला लागली. 'इली, इली' म्हणत होती. इली म्हणजे उंदीर, एवढं कन्नड मलाही येतं.

त्यांच्या घरी दुरडीतल्या भाकऱ्या संपल्या की बसप्पा म्हणे विचारतात, मैंदर्गीचा उंदीर येऊन गेला का? नातवंडंसुद्धा तसंच म्हणतात.

सु. हसला, मीही. आप्पा नाही.

"म्हंजी त्याला ठावं हुतं. त्याच सकाळी."

सु. म्हणाला, "आप्पा, हसतायत की ते लोक."

"ती पोरगी हसतीया. त्यो सांगताना हसत हुता का, ते कुटं कळलं?"

सु. ने फोनवर रविवारी येतो म्हणून सांगितलं.

२४ जाने., शनिवार
कडक भाकऱ्या विकतच्या घेऊ म्हटलं तर आप्पा ऐकेनात, घरच्याच पाहिजेत. काल शाळेतून येऊन थापल्या, आज उन्हात वाळवल्या. माझ्या मेल्या हाताला सासूबाईंसारखी पातळ जमत नाही. दोन तडकल्या, त्या आप्पांनी बाजूला काढायला लावल्या. "फुटकी एक बी नको. समद्या अख्ख्या."

आप्पांचे नि सु. चे कपडे इस्त्री करून ठेवले. सु. ने रजा टाकली. आप्पांनी बसप्पांच्या सुनेसाठी खण घ्यायला लावला, फोनवर हसली म्हणून.

रेवा विचारत होती, २६ ला फिल्म दाखवायची का नाही, निदान शेवट बदलू का. आप्पा म्हणाले, "शेवट मला बी ठावं न्हाय अजून. उद्या बघू."

जेवायला आज तडकलेलीच भाकरी वाढली. आप्पांनी हातात घेतली, सवयीने मोडायला अंगठे लावले आणि तशीच ताटात ठेवली. वरणभात खाऊन उठले.

"का हो?" म्हटलं.

"उद्या त्यो मोडंल," म्हणाले. "मला अर्धी दिली तर खाईन."

गाडी सहाची आहे. गजर लावते.