ताईच्या फोटोसाठी तीन कोटेशनं

३ मार्च, मंगळवार. सकाळी ११.२०
बरोबर या वेळेला कॅमेऱ्याच्या दुकानातल्या विक्रेत्याने माझा अपमान केला. मी चांगला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा मागितला. तो म्हणाला, आजी, सगळं आपोआप करणारा एखादा साधा देऊ का? मी त्याला सांगितलं की चौतीस वर्षं मी ऑफिसच्या खरेदी विभागात काढली आणि आपोआप काम करणारं काहीही मला तिथे भेटलं नाही, माणसं तर नाहीतच.
घरी येऊन ताईला सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकला लागला.
संकल्प: ताईचा एक खरा फोटो काढायचा. तिच्या परदेशातल्या लेकीने मागितला आहे. कॅमेरा मी निवडणार, रीतसर.

४ मार्च
रीतसर म्हणजे तीन कोटेशनं आणि तुलनातक्ता. त्याशिवाय मी ऑफिसात टाचण्यांचा डबाही येऊ दिला नाही. ताई म्हणते, अगं, तुझ्या फोनला आहे की कॅमेरा, टिप एक आणि मोकळी हो. फोनवर काढतात तो पुरावा, फोटो नव्हे. छत कुठे गळतंय ते घरमालकाला दाखवण्यापुरता ठीक आहे.

११ मार्च
दोन कोटेशनं हाती. लायब्ररीतून पुस्तक आणलं. लेन्सच्या भोकाचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. हे ज्याने ठरवलं, त्याला आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरने दिवसभर बाकावर उभं केलं असतं.
डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की ताईच्या बाबतीत आता महिने धरू नका, आठवडे धरा. डॉक्टर तरुण आहेत. या वयात सगळ्याचीच घाई असते.

१९ मार्च
तिसऱ्या दुकानाचं उत्तर नाही. दोन स्मरणपत्रं पाठवली.
ताईच्या घड्याळाच्या पट्ट्याला आज आणखी एक भोक पाडून दिलं, मनगटावरून घसरत होतं. हल्लीचं चामडं फार लवकर सैल पडतं.
दुपारी चारला ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते तेव्हा डाव्या गालावर छान उजेड येतो. जागा ठरली, वेळ ठरली. फक्त कॅमेरा बाकी.

२७ मार्च
तिसरं कोटेशन आलं, पण भलत्याच मॉडेलचं. तुलना कशाशी करायची? परत पाठवलं. ताई म्हणाली, वरसुद्धा तीन कोटेशनं मागवतात का ते विचारून ठेव, तेवढीच मुदत मिळेल. मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मग तीच म्हणाली, रुसूबाई, उशी जरा वर कर.

३ एप्रिल
तक्ता पूर्ण. निर्णय झाला. पहिलं दुकान, तोच विक्रेता. (त्याच्यावर उपकार.)
कॅमेरा खोक्यात भरताना म्हणतो, मॅडम, मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. कोटेशनमध्ये नसलेली वस्तू ऐनवेळी बिलात घुसवायची, ही चलाखी मला नवीन नाही. घेणार नाही म्हटलं. त्याने दोनदा समजावलं. शेवटी बिलावर लिहिलं की कार्डाबद्दल सांगितलं, ग्राहकाने नाकारलं, आणि माझी सही मागितली. ठसठशीत केली.
मॅन्युअल दोनशे बारा पानांचं. आधी वाचायचं, मग हात लावायचा.

८ एप्रिल
पान एकशे चाळीस. ताई आता खुर्चीत बसत नाही, म्हणते पलंगच बरा. भाचीचा फोन: मावशी, कसाही चालेल, पण आईचा एक तरी पाठव ना. कसाही! ही पिढीच कसाही चालणारी.

१० एप्रिल, दुपारी ४
पलंग खिडकीकडे सरकवला. ताईने केस विंचरून घेतले, निळी शाल मागितली. माझ्या डोळ्यावर चष्मा असला की तो कॅमेऱ्याला आपटतो, म्हणून काढून ठेवला. कॅमेऱ्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकत होतं. असेल.
एक्केचाळीस फोटो. मी मोजले. प्रत्येक दोन सेकंद दिसून पुढे गेला. एकात ती हसली, अगदी शाळेतल्यासारखी. म्हणाली, दाखव बरं. मी म्हटलं, सगळे झाले की एकदम दाखवते. तेवढ्यात तिचा डोळा लागला.
रीत पाळली की काम असं होतं.

१२ एप्रिल
ताई गेली. सकाळी ७.४०.

१५ एप्रिल
फोटो कागदावर काढून घ्यायला स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि आतली रिकामी खाच मला दाखवली. म्हणाला, बाई, यात कार्डच नाही. हा कॅमेरा कार्डाशिवायही फोटो काढतो, दाखवतो, ठेवत नाही. मी म्हटलं, नीट बघा. त्याने नीट बघितलं. मग हळूच विचारलं, फोनवर एखादा असेल ना?
फोनवर छताचे सहा आहेत.

१६ एप्रिल. पत्राचा मसुदा
प्रति, दुकानाचे मालक.
आपल्या विक्रेत्याने मला कार्डाविषयी पुरेशी कल्पना दिली नाही. (खोडलं. बिलावर सही आहे.)
आपल्या विक्रेत्याने पुरेसा आग्रह धरला नाही. गिऱ्हाईक हट्टी असलं तर दुकानदाराने त्याच्या हातात वस्तू कोंबायला हवी. दिनांक १० एप्रिल रोजी दुपारी चार ते साडेचार या वेळेत आपल्या कॅमेऱ्याने माझ्या बहिणीचे एक्केचाळीस फोटो काढले. मी ते पाहिले आहेत. तिने पाहिलेले नाहीत. जी वस्तू दोन सेकंद दिसली ती कुठेतरी असलीच पाहिजे.
माझी भाची रविवारी सकाळी येत आहे. सही माझी आहे, हे मला मान्य आहे. तरी शनिवार, १८ एप्रिल, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे की तिला मी काय दाखवायचे.