काकूचं अंडं

२ मे

चि. टिल्ल्यास,
अ. उ. आ.

बेटावर मी खुशाल आहे, पक्षी मात्र खुशाल नाहीत. तुमच्या कंपनीचं तेलाचं जहाज इथे गळालं, मग तुमची माणसं येऊन खडक घासून लख्ख करून गेली. टाळ्या! पण पक्षी माशांसाठी बुडी मारतात ती समुद्रात, खडकात नाही रे. पोटाला तेल माखून येतात आणि तसेच अंड्यांवर बसतात. अंड्याचं कवच श्वास घेतं. तेलाचं नुसतं बोट लागलं तरी आतला जीव गुदमरतो.

दरवर्षी या दिवसांत अंडं कानाशी धरलं की आतून पिल्लाची चिवचिव ऐकू येते. राखणीच्या नोकरीतली माझी तेवढीच चैन. यंदा एकाही अंड्यातून आवाज नाही. माझ्या दाराशी एक पक्षीण अंड्यावर बसते, येता-जाता टोचते म्हणून तिला मी काकू म्हणते. पिल्लू निघायचे दिवस उलटून गेले तरी ती उठायचं नाव घेत नाही.

तू जाहिरात खात्यात आहेस, साहेब तुझं ऐकतात. विणीच्या हंगामात जहाजं लांबून न्या, एवढं त्यांच्या गळी उतरव. नाहीतर पुढच्या वर्षी मी राखू काय, खडक?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र धावतपळत वाचलं, पण काय कल्पना दिलीस! अंडं कानाशी, आतून चिवचिव! साहेब खुर्चीतून उडालेच. रविवारी फोटोवाल्याला घेऊन येतायत. मथळा मी आधीच लिहून ठेवलाय: 'नव्या जिवाची चाहूल'. फक्त त्यांच्यासमोर तेल म्हणू नकोस. आमच्याकडे त्याला आता 'सागरी स्निग्धता' म्हणतात. तुझी भावजय विचारते, मग भजी कशात तळायची? तिचं सोड.

जहाजांचं तूच बोल, साहेब खुशीत असतील. आणि कपडे जरा बरे घाल.

राग नसावा, लोभ असावा.
तुझा टिल्ल्या

१८ मे

चि. टिल्ल्यास,
आशीर्वाद नंतर. आधी खाली बस आणि सगळं वाच.

साहेबांना मी हात जोडून सांगितलं की अंडी मेलीत, हात लावू नका. ते म्हणाले, बाई विनोदी आहेत. उचललं नेमकं काकूचंच. तिने टोचलं तरी सोडलं नाही. फोटोवाला सांगत होता, अजून जवळ घ्या, अजून जवळ. उबेत सडलेलं ते अंडं कानाशीच फुटलं. कान, कॉलर, मिशी, सगळीकडे चाहूल लागली. हे काय आहे म्हणून ओरडले, तेव्हा मी म्हटलं, "तुमची सागरी स्निग्धता, साहेब. जरा मुरलीय."

जहाजांचं बोलणं राहिलंच, ते होडीकडे पळाले. मी पोट धरून हसले आणि मग रडले. सगळे गेल्यावर काकू परत आली, रिकाम्या जागेवर पंख सावरून बसली. अजून बसलीय.
ताई

२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचलं. मग तुझं पहिलंही काढून वाचलं. लाज वाटली गं.

पेपरात बातमी आली: 'साहेबांनी पक्षीजीवन अगदी जवळून अनुभवलं.' ती मीच लिहिली, दुसरं येतं काय मला? पण सोबत एक हुकूमही लिहिला, की विणीच्या हंगामात जहाजं बेटापासून लांबून जातील. साहेबांना एवढंच म्हटलं की सही केली नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा पाहणीला जावं लागेल. त्यांनी न वाचताच केली. आमच्याकडे तीच पद्धत आहे.

काकू उठली का, ते कळव. शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.
तुझा टिल्ल्या