बेलभंडाऱ्याचं ताट

मंगळवार, ११ मार्च, संध्याकाळ

तीनदा साबण लावला, तरी बोटं पिवळीच.

तीस वर्षांपूर्वी वरच्या बागायतदारांनी कालव्याच्या गेटला कुलूप घातलं, तेव्हा आमचे म्होरके बप्पा आणि आम्ही दहा जणांनी खंडोबापुढं बेल आणि हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतली, की पाण्याला पुन्हा कुलूप लागू देणार नाही. बंदुका दाखवून गेट ताब्यात घेतलं. दोन वर्षं पोलिसांना चुकवत डोंगरात काढली. मग हत्यारं जमा केली, पॅनल उभं केलं, निवडून आलो. बप्पा पाणी संस्थेचे चेअरमन, मी सेक्रेटरी. चांगलंच झालं की! बंदुकीशिवाय सगळ्यांना पाणी मिळावं, म्हणूनच आलो होतो ना?

आणि आता त्याच गेटला कुलूप, तेही आमचंच. परवा खालच्या वस्तीवरच्या धनगरांनी ते तोडलं. आज बप्पांनी त्यांना ऑफिसात बोलावलं, समोर बेलभंडारा ठेवला. "उचला. कुलपाला हात लावणार न्हाई म्हणा."

म्हातारा बिरूबा म्हणाला, "बप्पा, मेंढरं तहानेनं मरायलीत. तवा तुमीबी हेच केलतं."

"तवा राज्य दुसऱ्याचं हुतं बे!"

लाज कशी वाटली नाही? आणि मी? इथं वहीत एवढा तणतणतोय, तिथं का तोंड शिवलं होतं? बिरूबानं भंडारा उचलला, तेव्हा ताट धरून मीच उभा होतो.

डोंगरात गेलो तेव्हा हाच पिवळा रंग टिकावा म्हणून दोन दिवस हात धुतले नव्हते.