चिखलमुक्त तलाव

३ जानेवारी, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये. माझी मलाच पुढे संदर्भाला लागेल.

पत्र आलं. आमच्या भागातल्या सात तलावांच्या ऑफिसांनी पाणपक्षी वाचवायला भागीदारी केली आहे. तिच्या चार मीटिंगांना मी होतो, दोनमध्ये जागाही होतो. आता सातांतून एक मुख्य केंद्र निवडणार. त्याचा साहेब सगळ्यांचा समन्वयक, बाकीचे सहा त्याच्या हाताखाली. २५ तारखेला सकाळी सातही ठिकाणी एकाच वेळी पक्षीमोजणी, आमच्याकडे निवड कमिटीही येणार. म्हणजे माझी निवड झाल्यातच जमा. उरलेल्यांत आहे कोण? पाच बिनडोक आणि एक आमचे साडू.

त्याच दिवशी, दुपारी
साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शेजारचा तलाव त्याच्याकडे. तलाव कसला, डबकं. स्वतः गमबूट घालून राडीत उतरतो. ऑफिसर माणूस! बायको म्हणाली, निदान तो उतरतो तरी. दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी
संकल्प. एक: रोज पहाटे साडेपाचला तलावावर. दोन: पन्नास पक्ष्यांची नावं पाठ. तीन: साडूला कमी लेखणं बंद. लेखण्याइतका तो नाहीच.

६ जानेवारी, सकाळी ९.४०
आत्ताच उठलो. थंडी फार. पक्षी काय, पळून जाणार आहेत?

९ जानेवारी
तलावाची पाहणी केली. गच्चीवरून. शी! अर्धा तलाव नुसता चिखल, आणि त्यात मातकट रंगाचे हजारभर चिल्लर पक्षी चोची खुपसत फिरतायत. एक रंगीत असेल तर शपथ. बायनॉक्युलर उलटं धरलंय, असं शिपाई म्हणाला. सुलट धरून तरी काय मोठं सौंदर्य दिसलं?

हे कमिटीला दाखवायचं? लगेच योजना सुचली. बांधाचं पाणी सोडायचं फाटक बंद करायचं, तलाव काठोकाठ भरायचा, चिखल गायब. निळंशार पाणी, झकास फोटो. पाणी दुप्पट तर पाणपक्षी दुप्पट. शाळेतलं गणित आहे, पण सुचायला डोकं लागतं.

११ जानेवारी
बांधकाका ऑफिसात आले. हे आमचे फाटकवाले, तीस वर्षं तेच एक चाक फिरवतायत. म्हणाले, साहेब, फाटक लावू नका, ही पाखरं बदकांसारखी पोहणारी नाहीत, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून चिखलातले किडे खातात, तेच त्यांचं ताट. पाणपक्षी आणि पोहत नाही! हसू आवरेना. म्हाताऱ्याला वाटतं, चाक फिरवून अक्कल येते. वर म्हणतो, मग लेखी द्या. दिली लेखी ऑर्डर. सही जरा मोठी केली. पुढे मोठ्या सह्या कराव्या लागणार, हाताला सवय हवी.

१६ जानेवारी
पाणी चढतंय. नवीन हुद्द्याची नेमप्लेट करायला टाकली. बायकोने विचारलं, निवड झाली का. म्हटलं, औपचारिकता उरलीये. मग ती म्हणाली, बहिणीचा फोन होता, भावोजींनी त्यांच्या तलावाचं पाणी आणखी उतरवलंय. पोट धरधरून हसलो. स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा, ते याच्याकडून शिकावं.

१७ जानेवारी
साडूला ईमेल केलं: तलावाची चिखलातून मुक्तता कशी करावी, नऊ मुद्दे. कमिटीला कॉपी ठेवली, म्हणजे नेतृत्व कोणाचं हे कळेल. संध्याकाळी त्याचा फोन. म्हणे, दादा, फाटक उघडा, अजून आठ दिवस आहेत. घाबरला बिचारा.

२१ जानेवारी
तलाव तुडुंब! आणि काय शांतता! ती किचकिच बंद झाली एकदाची. शिपाई म्हणतो, पक्षी गेले. म्हटलं, मूर्खा, पाणपक्षी आहेत, पाण्याखाली असतील.

२४ जानेवारी
नेमप्लेट आली. दारावर लावून घेतली. भाषण तयार, अकरा पानं.

बांधकाका काठावर उभे होते. डोळे पुसत म्हणाले, कुठून कुठून दमून येतात ही पाखरं, पाहुण्यांना भरल्या ताटावरून उपाशी उठवलंत साहेब. क्षणभर छातीत कसंसंच झालं. ॲसिडिटी असावी.

२५ जानेवारी, सकाळी ६.५५
मोजणी सुरू. सातही तलावांवर एकाच वेळी. रोमांचक.

सकाळी ८.३०
कावळे तीन. कमिटीतल्या बाई म्हणतात, कावळा पाणपक्षी नाही. हट्टी बाई.

सकाळी ८.५०
पाणकावळा! एक! आता बोला म्हणावं.

सकाळी ८.५२
उडाला. साडूच्या दिशेला.

सकाळी ९.१५
बाईंनी विचारलं, फाटक कोणी लावायला सांगितलं. मी हवामानाबद्दल बोलायला लागलो. बांधकाकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. सही मोठी असल्याने शेवटच्या रांगेतल्यालाही वाचता आली. भाषण झालं नाही.

२८ जानेवारी
निकाल. साडूच्या डबक्यावर गेल्या वर्षीच्या दुप्पट पक्षी. अहवालात लिहिलंय, शेजारच्या तलावातून आलेले. म्हणजे माझेच! माझ्या जिवावर मोठा झाला. भागीदारीच्या माहितीपुस्तिकेत माझं ईमेल जसंच्या तसं छापणार आहेत. आनंद झाला. मग मथळा पाहिला: काय करू नये.

१ फेब्रुवारी
समन्वयक साहेब, म्हणजे साडू, भेटीला आले. टोमणा नाही, काही नाही. त्याचाच जास्त राग आला. फाटक उघडायला लावलं. रोज पहाटे साडेपाचला मी स्वतः उतरून मोजणी करायची, बांधकाका शिकवतील. गमबूटही आणले होते, अगदी मापाचे. माप बायकोनं कळवलं होतं. नेमप्लेट शिपायानं काढली.

२ फेब्रुवारी, पहाटे ५.३० ते ७.००
पाणी उतरतंय. पक्षी: शून्य.

६ फेब्रुवारी, पहाटे ५.३० ते ७.००
चिखल दिसू लागला. पक्षी: शून्य. बांधकाका नुसते पाण्याकडे बघत बसतात.

११ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
आला! एक! मातकट, चिल्लर, उभा राहून चोच खुपसतोय. बांधकाकांनी माझा दंड घट्ट धरला. हळूच म्हणाले, साहेब, हलू नका. हललो नाही. चिखल गमबुटात शिरला तरी हललो नाही. आयुष्यात इतका वेळ मी कशाकडे पाहिलं नव्हतं.

सकाळी ६.५८
शिंक आली. पक्षी: शून्य.