गार हाताचं वळण

२ नोव्हेंबर १९४७, श्रीगोंदा

आलो एकदाचा! नगरची खोली सोडताना जीव खाली-वर झाला होता. पण इथं टांग्यातून उतरलो, गुऱ्हाळाचा गोड वास आला आणि मन पोरासारखं झालं. म्हातारपणी पुन्हा मास्तरकी! साखर कारखान्याचा गोरा इंजिनियर विलायतेला परतला. त्याचा बंगला बागाईतदार आबासाहेबांनी घेतला, तेव्हा दिवाणखान्यातला पियानोही त्यांच्याकडे राहिला. नगरला मिशनच्या शाळेत मी जन्मभर कविता शिकवल्या आणि प्रार्थनेला पियानो वाजवला, म्हणून मला बोलावणं.

आबासाहेब हसून म्हणाले, आमची बोटं उसातली, पण साहेबाच्या मडमबाईनं वळण लावलं; आता म्होरचं तुमी बघा. मडमबाई उन्हाळ्यात वारल्या. शिकवता शिकवता, त्याच बाकावर.

५ नोव्हेंबर

तीन विद्यार्थी, तीन तऱ्हा. आबासाहेब साठीचे, बोटं भरून अंगठ्या. ताशा बडवावा तसा पियानो बडवतात. त्यांची विधवा बहीण रतनबाई चाळिशीची, हात फुलासारखा हलका. तिसरी शकिला, आठ वर्षांची. तिचा बाप फक्रुद्दीन सुतार पियानोचा पाय बसवायला आला आणि पोरगी पट्ट्यांपासून हलेना. तो म्हणाला, गुरुजी, हिलाबी द्या काईतरी. मडमबाईंकडे ती कधी शिकली नाही. अगदी कोरी पाटी.

ताल कळावा म्हणून तिला भुजंगप्रयात म्हणायला लावतो, लगागा लगागा. ती खिदळते. म्हणते, गुरुजी, ह्ये तर कावळ्याचं गाणं!

९ नोव्हेंबर

आबासाहेब आणि रतनबाई दोघंही अर्धा बाक मोकळा सोडून बसतात. हात पट्ट्यांवर ठेवतात आणि थांबतात. रतनबाई म्हणाली, बाई हातावर हात ठेवून शिकवायच्या, त्याची सवय. मला आमची धूळपाटी आठवली. पंतोजी असेच हात धरून गिरवून घेत. डोळे भरून आले.

१३ नोव्हेंबर

रतनबाईला भाकरी थापता येईना. पिठाच्या गोळ्यावर बोटं नाचतात, थांबत नाहीत. आबासाहेब चेष्टा करत होते, की आता ताईची भाकरी सुरात फुगंल. पण रतनबाईनं मला हळूच सांगितलं, की आबासाहेबांनाही हल्ली स्वतःचा फेटा बांधता येत नाही, गडी बांधतो.

१७ नोव्हेंबर

भर दुपार, खोलीत लख्ख ऊन. शकिला एका जागी अडत होती. जुनी खोड, मी तिच्या हातावर हात ठेवला आणि पाटीवर गिरवतात तसं वाजवून घेऊ लागलो.

माझ्या हातावर आणखी एक हात आला. हलका, ओल्या फडक्यासारखा गार. दिसलं काहीच नाही.

मी हात ओढून घेतला. शकिला वाजवत राहिली. लांबलचक गत, मी न शिकवलेली. दारात रतनबाई पदर तोंडाला लावून रडत होती. हीच गत बाई तिला शिकवत होत्या. अर्ध्यावर जीव गेला. बाईंचा हात तिच्या हातावर तसाच होता. म्हणाली, कुनाला तरी पुरी शिकवल्याबिगर सोडनार न्हाईत त्या. नि पुरी करण्याइतकं आयुष्य आमच्या बोटात न्हाई. त्यांना कवळी बोटं पायजे हुती.

२० नोव्हेंबर

पियानोला कुलूप घातलं. किल्ली विहिरीत.

उपयोग नाही. शकिला उंबऱ्यावर वाजवते, बापाच्या रंध्यावर वाजवते. नखं सोलवटली. आई घास भरवते. पोर मला म्हणाली, गुरुजी, तुमचा हात गरम हुता. बाईचा लई गार हाय. त्यो उठतच न्हाई.

मीच तिचा हात धरला होता. मीच.

२२ नोव्हेंबर

फक्रुद्दीननं पटाशीनं झाकण उघडलं. मी शकिलाच्या हातावर हात ठेवला. म्हणालो, बाई, पोर लहान आहे, मला शिकवा.

गारवा माझ्या हातात शिरला. शकिलानं डोळे चोळले, भूक लागली म्हणाली. फक्रुद्दीन माझे पाय सोडेना. मी सांगितलं, आजच हिला कर्जतला मावशीकडं ने. काही झालं तरी परत आणू नकोस.

गेले दोघं.

२५ नोव्हेंबर

हे डाव्या हातानं — अक्षर वेडंवाकडं —

सकाळी उजव्यानं चिठ्ठी लिहिली. माझ्याच वळणात. फक्रुद्दीन, भीती टळली, पोरीला धड्याला घेऊन ये. फाडायला गेलो — फाडू देईना. आबासाहेबांनी उचलली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, म्हणत होते, गुरुजी, मी न्हाई हो नेत, हात नेतोय —

दुसरी लिहायला घेतली डाव्यानं. येऊ नको म्हणून. उजव्यानं चुरगाळली.

२७

टांगा वाजला. तिचाच आवाज. लगागा लगागा —

ओरडायला तोंड उघडलं. उजवा हात तोंडावर —

बाकावर बसलोय. कधी बसलो? अर्धा बाक मोकळा.

ती पायऱ्या चढते आहे. शकिला, मागं फिर, पोरी, मा—

उजवा आता डाव्यावर येऊन बसला. गार. हात धरून गिरव