आधी वाचणारी

८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हं, बरं’च्या पुढे जात नाहीस आणि पत्रात मात्र मला चांगली झाडतेस, म्हणून मीही कागदावरच येते.

एक आगाऊपणा केलाय. आपल्या इंटरनेटवरच्या वाचनकट्ट्यावर परवा जाहीर करून टाकलं की मावशी परत येतेय. तुला न विचारता. रागाव, पण आधी पुढचं ऐक. पोपटवाल्या बाईंनी लगेच पोपटाने कुरतडलेल्या पुस्तकाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, स्वागत. तीन मांजरांच्या मालकाने तिन्ही मांजरांना पुस्तकांवर बसवून फोटो काढला. एक मांजर पळून जाताना दिसतंय, पण भावना पोचल्या.

प्राण्याचं पुस्तक आधी तू वाचणार आणि मग निकाल लावणार, ‘निर्धास्त’, ‘रुमाल जवळ ठेवा’ नाहीतर ‘मी वाचलं, तुम्ही नका’, ही पद्धत आपल्याखेरीज कुठल्याच कट्ट्यावर नसेल. तुझा कुत्रा, सुभेदार, गेला, तू इंटरनेटवरचं सगळंच बंद केलंस, आणि तुझ्या जागी बसायला कुणी धजावलं नाही. दोन वर्षं प्राण्यांची पुस्तकं नुसती साठतायत. नवीन माणसाला आम्ही सांगतो, हे मावशीचं व्हायचंय, थांबा. आणि लोक खरंच थांबतात.

दुकानात सध्या वाचायच्या चष्म्यांना फार मागणी आहे. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, वाचता काय? मालकांना ते आवडत नाही.

लोभ आहेच, राग उतरल्यावर तो पुन्हा सुरू करावा.

तुझी,
खारू

१९ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने दिले, खरं म्हणजे तुझा कान पिळायला हवा. मी हो म्हणायच्या आत माझी वरात काढलीस.

तुला वाटतं मला लिहायचा कंटाळा आलाय. तसं नाही. दवाखान्यात दिवसभर मी जनावरं धरते. डॉक्टरीणबाई टोचतात, मी धरते, कानाशी बोलत राहते. कितीतरी जनावरं माझ्या हातात गेली, आणि मी हात धुऊन पुढचं जनावर घेतलं. पण सुभेदार गेल्यापासून पुस्तकातलं कुत्रं नुसतं खोकलं तरी मी पुस्तक मिटते. शेवट न वाचता निकाल कसा लावणार? म्हणून गप्प बसले होते.

तरी काल कट्ट्यावर गेले. पासवर्ड सुभेदाराचंच नाव होतं. ते टाइप करताना बोटं अडली, पण केलं. पोपट पाहून हसू आलं. साठलेल्यातलं वरचं पुस्तक घेतलं, म्हातारी घोडी आणि तिचा गाडीवान. घोडीने चारा सोडला त्या पानावर थांबले आहे. पुढे जाईन असं वचन देत नाही.

तुझं मांजर पडद्यावर चढतं असं फोनवर म्हणालीस. त्याची नखं काप, आणि कापताना तोंड सांभाळ, तुझं.

माया होती तेवढीच आहे, आगाऊपणाने वाढली नाही.

तुझी,
मावशी

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू कट्ट्यावर येऊन पोपटाला ‘नालायका’ म्हणालीस, त्यावर दिवसभर आनंदीआनंद होता. पोपटवाल्या बाई सांगत होत्या की पोपट आता तोच शब्द शिकलाय.

आता जरा वेगळं. तुझ्यानंतर एक निवृत्त ड्रायव्हर आलेत, आम्ही त्यांना बसवाले काका म्हणतो. फार कमी बोलतात. त्यांनी विचारलंय की घोडीचं पुस्तक आपण वाचावं का. खाली लिहिलंय की त्यांचा कुत्रा खूप म्हातारा झालाय, उठता येत नाही, महिनाअखेरीला डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शनला बोलावलंय. आपण त्याला आत सोडू आणि बाहेर गाडीत बसू, आपल्याच्याने बघवणार नाही, असं म्हणतात. आयुष्यभर त्यांनी बस चालवली, मागे बसलेल्यांना पोचवलं, आणि हे एकच पोचवणं त्यांना जमत नाहीये, असं मला वाटून गेलं.

सगळे तुझी वाट बघतायत. मी गळ घालणार नाही. नाही जमलं तर नाही, तरी मावशी तू माझीच.

हे वाचून झाल्यावर लोभ कमी झाला नसेल अशी आशा.

तुझी,
खारू

१२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

पुस्तक पुरं केलं. दुपारच्या सुट्टीत, कोठीच्या खोलीत, खाद्याच्या पोत्यावर बसून. घोडी मरते. गाडीवान तिच्याजवळून हलत नाही. मी इतकी रडले की डॉक्टरीणबाईंना वाटलं पोतं पायावर पडलं. त्यांनी पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

मग कट्ट्यावर लिहिलं. तू वाचलंच असशील, तरी तुला माझ्या हाताने सांगते, कारण हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. सुभेदार टेबलावर होता तेव्हा मी औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होते. सवयीने काहीतरी हाताशी घेत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो तुम्हाला शोधतोय. वळून पाहिलं तर खरंच, मान उचलत नव्हती तरी डोळे फिरवत होता. मी समोर गेले आणि तो शोधायचा थांबला. तसाच, माझ्याकडे बघत, गेला.

काकांना एवढंच लिहिलं की गाडीत बसलात तरी तुमचं दुखणं कमी होणार नाही, आणि तो मात्र शोधत राहील. जास्त कडक झालं का ते तू सांग. निकाल जुन्या तिन्हींत बसेना, म्हणून नवीन काढला: ‘सोबत वाचा.’

तुझ्यावर माया आहे, हे एकदा लिहून टाकते.

तुझी,
मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कडक झालं नाही. कट्ट्यावर सगळे घोडीचं पुस्तक कुणा ना कुणाच्या सोबतीने वाचतायत. मी मांजराला मोठ्याने वाचून दाखवलं. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी वाकवताना घोडी आठवली आणि डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, तर तेही आपल्या शेळीबद्दल सांगत बसले. मालकांनी हात जोडले.

बसवाले काका पुष्कळ दिवस दिसले नाहीत. कुणी विचारायचं धाडस केलं नाही. काल संध्याकाळी त्यांनी तुझ्या लिखाणाखाली एक ओळ टाकली: “मी आत होतो.”

त्याखाली एकेकाने आपापल्या जनावराचा फोटो टाकला. पोपटवाल्या बाईंनीसुद्धा.

मावशी, मला तुझा फार अभिमान वाटतो. दुकानात, कट्ट्यावर, जिथे म्हणून तुझं नाव निघतं तिथे मी सांगते, ही माझी सख्खी मावशी.

लोभाचं तू लिहिलंस, आता मी काय लिहू.

तुझी,
खारू

९ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

काकांची ओळ मी वाचली होती. अभिमानाचं म्हणशील तर मलाही वाटतो, काकांचा आणि थोडा स्वतःचा. खोटं कशाला बोलू.

आज सकाळी एक बाई आपलं म्हातारं मांजर घेऊन आल्या. टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, मी बाहेर थांबते. पूर्वी मी मान हलवून आत गेले असते. आज फोन काढून त्यांना काकांची ती ओळ दाखवली आणि ते कोण, त्यांचा कुत्रा कसा होता, एवढं सांगितलं. त्यांनी ओळ दोनदा वाचली. मग टोपली माझ्याकडून परत घेतली आणि आत आल्या. मी बाजूला सरकून त्यांना समोरची जागा दिली.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी